बुधवारी भेटायला जाऊ नये

एखाद्याच्या घरी लग्न असलं की पत्रिका येते. तीत तारीख असते, वेळ असते, स्थळ असतं, आणि खाली 'कृपया आहेर आणू नये' असंही स्पष्ट लिहिलेलं असतं. मरणाचं तसं नाही. माणूस जातो, फोन येतो, आणि पुढचं ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. भेटायला कधी जायचं, कोणाबरोबर जायचं, काय न्यायचं, किती वेळ बसायचं, याबद्दल कुठलंही परिपत्रक नाही. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. परिपत्रक नसलेल्या कामाला मी सहसा हात लावत नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी आमच्या ऑफिसात रजेचं काम पाहणाऱ्या कुलदीपनं बातमी सांगितली. "सर, खुशालरावची बायको गेली. आज सकाळीच. अकोल्याले."

खुशालराव आमच्याकडे एकतीस वर्षं शिपाई होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि अकोल्याला स्वतःच्या घरी राहायला गेले. गोदाबाई त्यांच्या पत्नी. मी त्यांना एकदाच भेटलो होतो, खुशालरावांच्या निरोप समारंभात. "चहा घेतला का?" असं मी विचारलं होतं आणि त्यांनी "हो जी" म्हटलं होतं. आमची ओळख एवढीच.

पण मला जाणं भाग होतं. पाच वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा मी पुण्याच्या भावाला फोन लावत होतो, तोवर दारात खुशालराव उभे. त्यांना कोणी कळवलं ते मला आजवर समजलेलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही. पाण्याची टाकी भरली, शेजारून खुर्च्या आणल्या, आणि मग तीन दिवस दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला ओळीत लावल्या. त्या तीन दिवसांत आमच्याकडे शे-सव्वाशे माणूस येऊन गेलं आणि एकाचीही चप्पल हरवली नाही. मयताच्या घरी चप्पल न हरवणं ही काय चीज आहे, हे ज्याची हरवली आहे त्याला विचारा. चौथ्या दिवशी ते उठले आणि न सांगता निघून गेले. याच्या पुढचा भाग जरा अडचणीचा आहे. तो त्याच्या ठिकाणी येईल.

मंगळवारी सुट्टी होती. सकाळी मी तयार होऊन फाटकाशी आलो, तर समोर सहदेवराव, कडुनिंबाचं दातून करत. हे आमचे शेजारी. निवृत्त तलाठी, मूळचे अंजनगाव सुर्जीचे. त्यांच्या गावात कोणी अत्यवस्थ झालं की लोक आधी त्यांना बोलवायचे आणि मग डॉक्टरला, असं ते स्वतः सांगतात.

"कुठं चालले सायेब, सकाळी सकाळी?"

"अकोल्याला. खुशालरावांच्या पत्नी गेल्या. भेटून येतो."

"काल गेली ना? मंग आज घरचे राख सावडाले जातीन. तुमी कोनाले भेटसान? कुलपाले?"

"बरं, मग उद्या जातो."

सहदेवरावांनी दातून थांबवलं. "बुधवारी? भेटाले? बुधवारी भेटाले गेलं का त्या घरी पुन्हा जा लागते. आमच्या मामानं केलं होतं असं. एका घरी सालभरात चारदा जा लागलं त्याले."

या मामांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. शुक्रवार लक्ष्मीचा, म्हणून नाही. शनिवार तर नाहीच. रविवारी अमावस्या येत होती. भेटीला सोमवार आणि गुरुवार चांगले, असा सहदेवरावांचा निर्णय पडला, आणि हे दोन्ही दिवस कामाचे असल्यामुळे प्रश्न रजेवर आला.

आमच्याकडे रजेचा अर्ज आता संगणकावर भरायचा असतो. कारणांची यादी आहे. 'मृत्यू' निवडलं की 'मृताशी नाते' असा एक चौकोन उघडतो आणि त्यात आई, वडील, पती, पत्नी अशी नऊ नाती दिसतात. 'माजी शिपायाची पत्नी' हे नातं त्यात नाही. 'इतर' निवडलं तर संगणक मृत्यूचा दाखला मागतो. आता खुशालरावांना फोन करून 'तुमच्या सांत्वनाला यायचं आहे, तेवढा दाखल्याचा फोटो पाठवा' असं म्हणणं मला प्रशस्त वाटेना. मी कुलदीपला म्हटलं, बघ काही जमतं का.

"नाई जमत सर. कागदाशिवाय थो अर्ज पुढं सरकतच नाई," कुलदीप म्हणाला. "आन तुमीच तं सांगतलं होतं, लोक मेलेल्या मानसाच्या नावावर लय रजा खाते म्हनून."

हे खरं होतं. तो चौकोन मीच घालायला लावला होता.

आता तो अडचणीचा भाग. आई गेल्यानंतर खुशालराव तीन दिवस आमच्या दाराशी बसले, आणि कामावर परत जाताच त्यांनी त्या तीन दिवसांचा रजेचा अर्ज दिला. तेव्हा अर्ज कागदावर असे. कारण: मयत. मृताशी नाते: माय. तेरवीनंतर मी कामावर आलो तेव्हा साठलेल्या ढिगात तो अर्ज होता. खुशालरावांच्या आई त्याआधीच नऊ वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि त्या रजेची नोंद माझ्याच अक्षरात होती. एका कर्मचाऱ्याची आई दोनदा वारू शकत नाही. मी शेरा मारला: 'नाते सिद्ध होत नाही. रजा नामंजूर. तीन दिवस विनापरवाना गैरहजर धरावे.' खाली सही केली. ती कोणाची माय, हे माझ्या डोक्यात उजेड पडून लक्षात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि कागद वर गेला होता. वर गेलेला कागद परत मागवायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. मी ते दिलं नाही. खुशालरावही कधी बोलले नाहीत. पुढची तीन वर्षं ते रोज माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवत राहिले आणि मी रोज तो पीत राहिलो.

खरं सांगायचं तर सहदेवराव एकेक वार कापत होते तेव्हा मी वरवर जेवढा चिडत होतो तेवढा आतून चिडलेलो नव्हतो. त्या माणसासमोर जाऊन बसायची मला लाज वाटत होती.

पहिला गुरुवार अर्जात गेला. दुसरा सोमवार आणि दुसरा गुरुवार, अर्ज 'प्रलंबित' होता त्यात गेले. शनिवारी तेरवी होती आणि नेमकी त्याच दिवशी महाविद्यालयाची तपासणी करायला समिती येणार होती. सगळ्यांच्या रजा बंद. समितीनं दुपारी दोनपर्यंत जेवण केलं, एक कपाट उघडून पाहिलं आणि त्यातून एक उंदीर निघाला म्हणून लगेच बंद केलं. यासाठी मी गोदाबाईंची तेरवी चुकवली.

रात्री जेवताना अनुपमा म्हणाली, "उद्या रविवार आहे. उद्या जायचं. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन, आणि तुम्ही का आला नाहीत तेही त्यांना सांगेन."

अनुपमा माझी पत्नी. तिला त्या शेऱ्याबद्दल सगळं माहीत आहे. जेवण झाल्यावर मी सहदेवरावांकडे गेलो.

"तेरवी झाली म्हन्जे आता कायदा बदलला," सहदेवराव म्हणाले. तलाठी असताना ते सातबाऱ्याबद्दलही याच सुरात बोलत असावेत. "तेरवीच्या आधी हात हालवत गेलं तं चालते. आता रिकाम्या हातानं जाता येत नाई. जेवन न्या लागते आन त्या मानसाले समोर बसून खाऊ घाला लागते. तळलेलं नाई, गोड नाई. साधी बेसन-भाकर. मीठ कमी. आन दोघं नोका जाऊ, तिघं तं बिलकुल नोका जाऊ. चौघं पायजे."

"आम्ही तर दोघंच आहोत."

"मी हाय ना. आन बाई गेली हाय म्हन्जे रडाले बाई पायजे. बाईसायेब रडतीन का?"

अनुपमानं स्पष्ट सांगितलं, की माणूस ओळखीचं असल्याशिवाय तिला रडू येत नाही. सहदेवरावांना याचा राग आला नाही, कीवच आली. त्यांनी तिथूनच वलगावला आपल्या मोठ्या बहिणीला फोन केला. गंगूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. पंचक्रोशीत मयत झालं की गाडी पाठवून नेतात त्यांना. रविवारी सकाळी त्या आल्या तेव्हा त्यांनी चहा घेतला, गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या केल्या, आणि पुढचे शंभर किलोमीटर आवाज जपण्यासाठी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

अनुपमानं बारा भाकरी आणि बेसन, म्हणजे पिठलं, चार खणांच्या स्टीलच्या डब्यात भरलं. हा डबा तिच्या आईनं दिलेला आहे. त्याच्या झाकणावर 'चि. सौ. अनुपमास' असं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे, आणि त्याला एकदाच पोचा पडला तेव्हा आमच्या घरात चार दिवस अबोला होता.

सहदेवरावांच्या गाडीतली थंड हवा गेल्या उन्हाळ्यात बंद पडली ती पडलीच. बडनेरा मागे पडलं तसे ते आम्हाला नियम सांगू लागले. घरात शिरताना नमस्कार करायचा नाही. कसे आहात, विचारायचं नाही. काय झालं होतं, हेही विचारायचं नाही. आपण आधी बोलायचंच नाही. समोरचा बोलला तर "होय" म्हणायचं. उठताना "येतो" म्हणायचं नाही. नुसतं उठायचं आणि मागे न पाहता निघायचं. काही विसरलं तर आणायला परत जायचं नाही. तिथून सरळ आपल्या घरी. वाटेत कोणाकडे जायचं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत चौदा नियम झाले. मी ते पाठ केले. नियम पाठ करण्याची मला सवय आहे.

"पत्ता नीट माहीत आहे ना?" अनुपमानं विचारलं.

"दत्ताच्या देवळामागची गल्ली," मी म्हणालो. "फोन करून विचारू का?"

"सांगून जात नसते भेटाले," सहदेवराव म्हणाले. "घर दुरूनच समजते. जिथं चपला दिसन, थे घर."

देवळामागे वळताच चपला दिसल्या. चांगल्या पंधरा-वीस जोड्या, एकमेकींवर चढलेल्या. दारावर कापडाची सावली बांधली होती, आत सतरंजी दिसत होती. गाडी थांबायच्या आत गंगूबाईंनी दार उघडलं, पदर तोंडाला लावला आणि फाटकातूनच हेल काढला. "माय वं! भरलं घर टाकून कशी गेली वं माय!" असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली गेला. आता मागे फिरण्याचा प्रश्नच नव्हता.

आतल्या बायकांनी क्षणभर एकमेकींकडे पाहिलं असं मला वाटलं. पण रडणाऱ्या बाईला मध्येच थांबवून काही सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्याही रडू लागल्या. अनुपमा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. सहदेवराव आणि मी सतरंजीवर बसलो.

भिंतीवर फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हार घातलेला फोटो होता. घामानं माझा चष्मा धुकटला होता. मी अंदाज केला, की हे खुशालरावांचे वडील असणार, आणि गोदाबाईंचा फोटो अजून मोठा करून आलेला नसणार. खुशालराव दिसत नव्हते. कोपऱ्यात एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्या खुशालरावांच्या बहीण असाव्यात असं मी ठरवलं. अर्धा तास गेला. नियमाप्रमाणे मी काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला घरात शिरल्यावर काय करायचं नाही हे नीट ठाऊक असलं की कोणाच्या घरात शिरलो हे पाहायची गरज वाटत नाही.

शेवटी त्या बाईच माझ्याकडे वळल्या. "तुमी त्याईच्या हाफिसातले का जी?"

"होय."

"लय सांगत तुमचं. सायेब मनानं चांगला हाय, म्हने. फक्त कागद दिसला का आंधळा होते."

हे वर्णन इतकं तंतोतंत माझं होतं की शंकेला जागाच उरली नाही. खुशालराव घरी माझ्याबद्दल बोलत होते, आणि चांगलं बोलत होते. पाच वर्षं अडकलेलं सगळं तोंडाशी आलं आणि सहदेवराव माझा सदरा मागून ओढत असताना मी बोलून गेलो.

"बाई, मी त्यांचा अपराधी आहे. माझी आई गेली तेव्हा ते तीन दिवस माझ्या दाराशी बसले. आणि मी त्यांची तीच रजा नामंजूर केली. गैरहजर धरलं त्यांना. चूक कळल्यावरही कागद परत मागवला नाही. मला क्षमा करा."

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ द्या बापा. रजेचं काय घिऊन बसले. जानाऱ्यानं कोनाचं काई मनात नेलं नाई. आमच्या ह्याईनं तं नाईच नाई."

"ह्यांनी?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मी चष्मा पुसला. फोटोखाली लिहिलं होतं, 'कै. तुळशीरामजी'. तेवढ्यात एका गृहस्थांनी माझ्या हातात छापील कार्ड दिलं. येत्या शुक्रवारी तुळशीरामजींची तेरवी होती, आणि निमंत्रक म्हणून खाली त्यांच्या पत्नी लीलाबाईंचं नाव होतं. ज्यांनी माझ्या हातावर हात ठेवला होता त्या याच लीलाबाई. तुळशीरामजींच्या ऑफिसातही माझ्यासारखाच एक साहेब असणार.

म्हणजे मी गुन्हा कबूल केला होता, क्षमा मागितली होती, ती मिळालीही होती. फक्त ती सक्षम अधिकाऱ्याकडून मिळालेली नव्हती.

मी उठलो. "येतो" म्हणालो नाही. मागे पाहिलं नाही. माझ्यामागून सहदेवराव उठले, स्वयंपाकघरातून अनुपमा आली, आणि गंगूबाईंना दोघांनी धरून गाडीत बसवलं. नियमानुसार झालेली दिवसातली ही एकमेव गोष्ट.

अकोल्यात मे महिन्यात दुपारी एक वाजता बंद गाडीत जी चर्चा होते ती फार वेळ सभ्य राहत नाही.

"अहो, माझा डबा!" अनुपमा ओरडली.

"मांगं जाता येत नाई," सहदेवराव म्हणाले. "आन सायेब, आता खुशालरावाकडंबी जाता येत नाई. एका मयताच्या घरून दुसऱ्या मयताच्या घरी सरळ जात नसते. घरी जाऊन आंग धुवा लागते, मंग या लागते."

"घर अमरावतीला आहे, सहदेवराव."

"त्याले मी काय करू? पद्धत मी नाई पाडली."

"माहा आवाज आता सांजेलोक येत नाई," गंगूबाईंनी रडण्याखेरीज सकाळपासूनचं पहिलं वाक्य उच्चारलं. "एका दिवसात दोन घरं मी पयल्यापासूनच करत नाई."

मी दार उघडून खाली उतरलो. एकटा, रिकाम्या हातानं, आंघोळ न करता. माझ्या मागून सहदेवराव कुठला तरी नियम ओरडून सांगत होते, तो मी ऐकला नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारलं, "खुशालराव कुठे राहतात?" त्यानं मान न उचलता मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. सकाळपासून एवढंच करायचं होतं.

दारात चपलांची एकच जोडी होती. ती भिंतीला लावून सरळ ठेवलेली होती.

खुशालराव आत गॅससमोर बनियनवर उभे होते आणि कुकरमधून करपल्याचा वास येत होता. मला पाहून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्ची पुसली. "सायेब! या, या. भाईर चटका लय हाय." आणि त्यांनी पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला.

मी तो उचलला नाही. "खुशालराव, ती रजा," मी म्हणालो. लीलाबाईंसमोर केवढं छान बोललो होतो. इथे तेवढेच तीन शब्द निघाले.

खुशालरावांनी गॅस बंद केला. कोणती रजा, असं त्यांनी विचारलं नाही.

"राग आला होता मले," ते म्हणाले. "लय आला होता. रजेचा नाई. मले वाटलं, वाचून एकडाव इच्यारतीन तरी, कोनाची माय म्हनून. घरी येऊन गोदीले सांगतलं, उद्यापासून त्या मानसाच्या टेबलावर पानी ठेवनार नाई. तं गोदी म्हने, त्याची माय मेली हाय. मायबिगर मानसाचं डोस्कं सालभर ठिकानावर राह्यत नाई. तुमी पानी ठेवत जा. म्हनून ठेवत गेलो."

मी गोदाबाईंशी आयुष्यात एकच वाक्य बोललो होतो, तेही चहाबद्दल. त्यांनी माझी बाजू घेतली होती आणि मी त्यांच्या मरणाला वार बघत चौदा दिवस घालवले होते. मी समोरचं पाणी प्यायलो. मग मला रडू आलं. खुशालराव जवळच्या स्टुलावर बसून राहिले, आणि माझं आटोपल्यावर त्यांनी ग्लास पुन्हा भरला.

"सायेब, खायले काई आनलं का?" त्यांनी विचारलं. "माहा भात करपला. पोरगी आचल आज सकाळीच परतवाड्याले गेली, तिची सासू दुखण्यात हाय. कालपरेंत घर भरून होतं. आज पयलाच दिवस हाय एकट्याचा."

मी सगळं सांगितलं. डबा, चपला, गंगूबाई, फोटो. खुशालराव हसले नाहीत.

"भाकरी किती होत्या?"

"बारा."

"चाला," असं म्हणून त्यांनी सदरा घातला. बटणं लावता लावता ते म्हणाले, "तुळश्या माहा दोस्त होता. थो गेला तवा आमच्या घरी सुतक. त्याच्या मयतालेबी जाता नाई आलं. आता सुतक फिटलं, पन लीलाबाईले तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली होती."

गाडीपाशी सहदेवराव आडवे झाले. विसरलेली वस्तू आणायला त्या घरी पुन्हा पाऊल टाकायचं नसतं, हे त्यांनी खुशालरावांना समजावून सांगितलं.

"मले भूक लागली हाय," खुशालराव म्हणाले.

सहदेवरावांकडे यावर नियम नव्हता. शिवाय भूक त्यांनाही लागली होती. आम्ही पाचही जण पायीच गेलो. पाच ही संख्याही चालत नाही, असं ते चालता चालता म्हणाले, पण हळू.

लीलाबाई तिथेच कोपऱ्यात बसल्या होत्या. खुशालराव जाऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. या वेळी कोणी हेल काढला नाही.

"तुळश्या गेला," खुशालराव म्हणाले.

"हो. आन गोदी?"

"गेली."

लीलाबाई उठल्या, आतून डबा घेऊन आल्या आणि दोन ताटं मागवली. हा डबा कोणाचा, हे न कळल्यानं त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यांच्या सुनेनं हळूच अनुपमाला सांगितलं, की आठ दिवसांत आज पहिल्यांदा यांनी स्वतःहून ताट मागितलं. दोघं समोरासमोर बसून जेवू लागले. आम्ही पाहत बसलो.

"बेसनात मीठ कमी हाय," खुशालराव म्हणाले.

"कमीच हाय," लीलाबाई म्हणाल्या. "भाकर मऊ हाय पन. गोदी थापे तशी."

"गोदीची कडेले कच्ची राहे," खुशालराव म्हणाले. "बेचाळीस वर्सं सांगतलं तिले. आयकलं नाई." आणि त्यांनी आणखी एक भाकरी घेतली.

ज्या बाईला अनोळखी माणसासाठी रडू येत नाही ती माझी बायको यावर रडायला लागली. "मीठ मी मुद्दाम कमी घातलं हो," ती म्हणाली, "सहदेवराव म्हणाले म्हणून." एवढ्या वाक्यात तिला चारदा हुंदका आला. गंगूबाईंनी जाणकारासारखे कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. "आता बराबर रडून राह्यली," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आलो. दाराशी चपला तशाच एकमेकींवर पडल्या होत्या. कोणी पाहत नव्हतं. मी वाकून एकेक जोडी जुळवली आणि भिंतीला लावून ओळ केली. एकोणीस जोड्या निघाल्या. एक डावी चप्पल उरली, तिची उजवी मला सापडली नाही. खुशालरावांना सापडली असती.

निघताना लीलाबाईंच्या सुनेनं डबा घासून आणून दिला, तो खुशालरावांनीच हातात घेतला. "हा माह्यापाशी राहू द्या," ते अनुपमाला म्हणाले. "या कधी, घिऊन जा." त्यांनी झाकणावरचं नाव बोटानं पुसून पाहिलं. अनुपमा एरवी हा डबा सख्ख्या बहिणीलाही देत नाही. ती म्हणाली, "राहू द्या."

परतीच्या वाटेवर सहदेवरावांनी मोडलेले नियम मोजले. मूर्तिजापूरला अकरा झाले होते. त्यानंतर त्यांना झोप लागू नये म्हणून मीच त्यांच्याशी दुसऱ्या विषयावर बोलत बसलो.

सोमवारी मी रजेचा अर्ज भरला. दिवस: बुधवार. कारण: मृत्यू. मृताशी नाते: यादीतल्या नऊंपैकी एकही लागू नव्हतं, म्हणून 'इतर' निवडून पुढे 'वहिनी' असं लिहिलं. दाखला जोडला नाही. मंगळवारी कुलदीप ओशाळून माझ्या टेबलापाशी आला. अर्ज परत आला होता. शेरा होता: 'नाते सिद्ध होत नाही. रजा नामंजूर.'

"माफ करजा सर. नमुन्यात होतं तसंच लिवलं," तो म्हणाला.

"बरोबर आहे," मी म्हणालो. नमुना माझाच होता.

बुधवारी सकाळी फाटकाशी सहदेवराव दातून करत उभे होते. माझ्या हातात पिशवी पाहून त्यांनी दातून थांबवलं.

"अकोल्याले? आज? बुधवार हाय ना सायेब! बुधवारी गेलं का पुन्हा जा लागते!"

"होय," मी म्हणालो आणि बसस्टँडची वाट धरली.

गुरुवारी कुलदीपनं हजेरीपट माझ्यासमोर ठेवला. बुधवारच्या रकान्यात माझ्या नावापुढे त्यानं 'विनापरवाना गैरहजर' लिहिलं होतं आणि खाली अधीक्षकांच्या सहीची जागा मोकळी सोडली होती. मी सही केली. डबा या वेळीही तिथेच राहिला आहे.